जांभळ्या म्हशीचा दुखवटा

कुकरची शिट्टी झाली.

एरवी खटकचिंचोळीत दुपारी कुणाच्या कुकरची शिट्टी झाली, तर शेजारीण फार तर एवढंच म्हणते, 'आज ह्यांची डाळ उशिरा.' पण त्या दिवशी रामरावांच्या घरात त्या वेळी शांतता चालू होती. शांतता नुसती होती असं नव्हे, चालू होती. प्रेमानंदाच्या 'मांजरा' नावाच्या अठरा मिनिटांच्या रचनेत आधी नदीचा उगम, शेवटी नदीचा पूर आणि दोन्हींच्या मधे ही शांतता. उगम त्याला चटकन सुचला, पूर त्याहून चटकन आला, पण शांतता रचायला अख्खा पावसाळा गेला होता.

मधल्या खोलीत तिघं गोठून बसले होते. राजपालनं ड्रमच्या काड्या हवेत धरल्या होत्या, जणू पोलीस दारात उभे आहेत. सिद्धेश्वरनं गिटारच्या तारांवर तळहात ठेवला होता, रडक्या लेकराचं तोंड दाबावं तसा. प्रेमानंद कीबोर्डवर मान घालून डोळे मिटून होता. तिकाटण्यावरचा मोबाईल हे सगळं टिपत होता. आणि आपल्याला कुणी काही बोललं नाही म्हटल्यावर कुकर दुसऱ्यांदा बोलला.

"तूरच हाय," सिद्धेश्वर म्हणाला. "वास यायलाय."

प्रेमानंदानं कानांवरचा हेडफोन उतरवला, घडी घालता येत नाही तरी घातली आणि दाराकडं बघून हाक मारली, "प्रेरणा."

नुसतं 'प्रेरणा'. लग्नाला सात वर्षं झालेल्या बाईला अशा नुसत्या नावाचा अर्थ कळतो. ती विळीवरून उठली. हातात अर्धा कांदा, डोळे लाल.

"गॅस बारीक केलता मी. शिट्टी व्हायची न्हवती."

"व्हायची न्हवती, पण झाली. नदी उगमातनं निघाली, समाधीपर्यंत आली, आणि तुझी डाळ शिजली."

"मग यशूला काय समाधी वाढू? सकाळपासनं लेकरू भुकेलंय."

"मुद्दाम केलीस," प्रेमानंद म्हणाला. हे तो रागानं म्हणाला असता तर तिनं सोडून दिलं असतं. पण तो समजूतदारपणे म्हणाला, आणि ते तिच्या जिव्हारी लागलं.

कारण संशयाला जागा होती. दोघांत एक करार झालेला होता. कलबुर्गीला नव्या बँडांचा एक मोठा जलसा व्हायचा होता. रचना सलग वाजवायची, कुठंही कापाकापी न करता चित्रित करायची आणि त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत पाठवायची. निवड झाली तर बँड चालू राहील, आणि बँड चालू म्हणजे ड्रम मधल्या खोलीतच राहतील. निवड झाली नाही तर ड्रम, कीबोर्ड, सगळं राजपालच्या गोठ्यात जाईल आणि मधली खोली प्रेरणाची होईल. प्रेरणाला ती खोली हवी होती. शिक्षक भरतीची परीक्षा तोंडावर आली होती आणि तिचा अभ्यास पिठाच्या डब्यावर पुस्तक ठेवून चालायचा. पानं उलटताना पीठ उडायचं. तिला दार असलेली खोली, खिडकीशी एक टेबल आणि दाराला आतून कडी, एवढंच पाहिजे होतं. रात्री झोपताना ती त्या टेबलाच्या खणात काय काय ठेवायचं हेही ठरवून मोकळी झाली होती.

आणि आता तिचा नवरा, राजपाल, सिद्धेश्वर आणि बहुधा कुकरसुद्धा, तिच्याकडं असं बघत होते की हिनं खोलीसाठी डाळीला हाताशी धरलं.

"हे बगा," प्रेरणा म्हणाली, "मला खोली पाहिजे. पण अशी न्हाई. तुमी नीट वाजवा, त्यांना नीट ऐकू द्या, आणि मग न्हाई म्हणू द्या."

"म्हणजे न्हाईच म्हणणार, असं ठरलंय तुझं."

"ते ऐकल्यावर ठरंल त्यांचं. तुमी शांततेची काळजी सोडा. आजची शांतता माझ्याकडं."

हे वाक्य तिनं कमरेला पदर खोचून म्हटलं. पुढं जे काही झालं ते या वाक्यानं झालं.

आधी तिनं घर आवरलं, म्हणजे घरातले आवाज आवरले. पंखा बंद केला. फ्रिज बंद केला. सासूबाई भागाबाई, शेळी आणि चार कोंबड्या यांना मळ्यातल्या गोठ्याकडं रवाना केलं. शेळी बोलते म्हणून, कोंबड्या ओरडतात म्हणून आणि भागाबाई त्यांच्याशी बोलतात म्हणून. राहिले सासरे. रामरावांना खोकला होता.

"मामा, तुमी अंगणात बाजेवर पडा. हा ओला रुमाल तोंडावर घ्या. मी उठवीपर्यंत खोकायचं न्हाई, हलायचं न्हाई, बोलायचं न्हाई."

"आणि श्वास?" रामरावांनी विचारलं.

"तो हळू घ्या."

पाच वर्षांच्या लेकीला, यशूला, तिनं आजोबांच्या बाजेखाली डाळभाताची ताटली देऊन बसवलं. मग उंबऱ्यात उभं राहून तिनं खूण केली, आणि मांजरा दुसऱ्यांदा उगम पावली.

या वेळी समाधी लागली. घर खरंच चिडीचूप होतं. प्रेमानंदाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडं समाधान दिसू लागलं, आणि तेवढ्यात रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर आला. कारखान्याकडं निघालेला, दोन ट्रॉल्या जोडलेला, आणि त्याच्या मागच्या दोन भोंग्यांतून गाणं:

*जांभळी म्हैस गं, जांभळी म्हैस,
आभाळात चरायली जांभळी म्हैस...*

राजपालच्या हातून एक काडी खाली पडली. प्रेमानंदानं कपाळ कीबोर्डवर टेकवलं, आणि त्यातून उमटलेला सूर नेमका त्याच गाण्याचा होता.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. ते गाणं यांचंच होतं.

आज हे तिघं 'शून्यप्रहर' आहेत आणि ते जे वाजवतात त्याला प्रेमानंद प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतो. पण हे असे जन्मले नव्हते. भालकीला कॉलेजात असताना ते 'फुलपाखरू पार्टी' होते. जयंतीच्या मिरवणुकीत बँजोवाल्यांच्या मागं कॅसिओ वाजवता वाजवता प्रेमानंदाला कुणाच्या तरी मोबाईलवर परदेशातली फार जुनी गाणी सापडली. त्यात गाणाऱ्यांचे आवाज विहिरीतून आल्यासारखे यायचे आणि शब्द तापात बरळल्यासारखे असायचे. प्रेमानंद वेडावला. मग यांनी भागाबाईंच्या पेटीतले आहेरात आलेले खणाचे तुकडे पळवून त्यांचे शर्ट शिवले. एक बाही हिरवी, एक गुलाबी, पाठीवर जर. टेबलफॅनच्या जाळीला चॉकलेटचे रंगीत कागद चिकटवून मागं बल्ब लावला की भिंतीवर रंग पोहायचे. आणि आवाज विहिरीतून यायला हवा, तर शेजारच्या ग्यानबाची कोरडी विहीर होतीच. गाणारी मुलगी तिच्या पायऱ्यांवर बसून गायची. गाणारी मुलगी कॉलेजातलीच होती. तिचं नाव प्रेरणा.

'जांभळी म्हैस' दोन मिनिटांचं होतं. बाजारातल्या मोबाईलवाल्याला आवडलं, आणि ट्रॅक्टरवाल्यांच्या मेमरी कार्डात गाणी भरून देताना तो ते प्रत्येकाला वरून एक म्हणून घालून देऊ लागला. तेव्हापासून भालकी ते हुमनाबाद एकही ऊस त्या म्हशीशिवाय कारखान्यात पोहोचलेला नाही.

मग प्रेमानंद गंभीर झाला. गाणी लांबली, ताल अवघडले. सात मात्रा, मग अकरा, मग मात्रा मोजणाऱ्या राजपालला चष्मा लागला. शेवटी प्रेमानंद म्हणाला, गाण्याला शब्द लागतातच कशाला. शब्द गेले तसं गाणाऱ्या मुलीचं काम संपलं. त्याच महिन्यात त्यांचं लग्न झालं, त्यामुळं तिला बँडमधून काढलं असं कुणाला वाटलं नाही. तिलाही नाही. घर, सासर, मग यशू. म्हशीचं नाव घरात निघायचं बंद झालं. प्रेमानंद ट्रॅक्टर आला की खिडकी लावून घ्यायचा, आणि यशूला तर ते गाणं ट्रॅक्टरच्या इंजिनातूनच येतं असं वाटायचं.

"रस्ता काय मी बंद करू?" प्रेमानंद कीबोर्डवर कपाळ ठेवूनच म्हणाला. "तासाभरात आणखी धा ट्रॅक्टर जातील. सोड. राजपाल, गोठा झाडून ठेव."

"थांबा," प्रेरणा म्हणाली. "गाव गप बसवायचं व्हय ना? पंचायतीचा स्पीकर कशाला हाय मग?"

आणि ती चपला घालून निघालीसुद्धा.

पंचायतीत भीमराज एकटाच होता. गावाला स्पीकरवरून सांगायचं काम त्याचं. त्याचा आवाज मूळचाच गहिवरलेला. 'उद्या नळाला पाणी सुटणार नाही' हेसुद्धा तो असं सांगायचा की बायका पदर डोळ्यांना लावायच्या. प्रेरणा धापा टाकत आत शिरली. कांद्यानं डोळे अजून लाल होते, त्यात रागानं आणखी झालेले.

"भाऊ, स्पीकरवर सांगायचं हाय. आमच्या घरचं."

भीमराज खुर्चीतून उठून उभा राहिला. "मामा कसे हैत?"

"मामा व्हय? त्यांना बाहीर अंगणात निजवलंय. तोंडावर रुमाल टाकलाय."

भीमराजनं डोक्यावरची टोपी काढली. प्रेरणाला वाटलं, उकडत असेल.

"किती वाजता हाय?"

"चारला सुरू करायलेत. तवर गाव गप पाहिजे बगा. ट्रॅक्टर, गिरणी, लेकरं, समदं. आणि नाव मामांचंच घ्या. यांचं घेतलं तर घर कुणाला कळणार न्हाई."

"ते काय सांगावं लागतंय का, वैनी," भीमराज म्हणाला, आणि इतक्या आपुलकीनं म्हणाला की प्रेरणाला वाटलं, गावात कलेची कदर आहे. "पावण्यांना कळवलं का?"

"कशाला? त्यांना असलं आवडत न्हाई."

"कुणाला आवडतंय, वैनी," भीमराज म्हणाला आणि त्यानं माईक हातात घेतला.

ती घरी पोहोचायच्या आतच आवाज आला. "ग्रामस्थांना कळविण्यात येते की, आपल्या गावचे रामराव यांच्या घरी दुपारी चार वाजता... सर्वांनी शांतता पाळावी. ट्रॅक्टरवाल्यांनी गाणी बंद ठेवावीत. गिरणी बंद ठेवावी. ही नम्र विनंती." मग तेच कन्नडमधे. शेवटच्या शब्दावर भीमराजचा आवाज फुटला.

आता खटकचिंचोळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की सकाळी स्पीकर लागला तर पाणी, संध्याकाळी लागला तर रेशन, आणि भर दुपारी लागला तर कुणीतरी गेलं. फक्त प्रेरणाला ठाऊक नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून रोज दुपारी मधल्या खोलीत ड्रम वाजत असल्यामुळं दुपारचा स्पीकर तिनं कधी ऐकलाच नव्हता. आणि तो आज ज्यांनी ऐकून ओळखला असता, त्या तिघांच्या कानांवर आत हेडफोन होते. बाजेवर रामराव होते, त्यांचा डोळा लागला होता. वर रुमाल.

चारला गाव असं गप झालं की प्रेरणाच्या अंगावर काटा आला. गिरणी थांबली. दुकानांच्या फळ्या अर्ध्या ओढल्या गेल्या. लांब वळणावर एक ट्रॅक्टर उभा राहिला आणि त्याचं इंजिनही बंद झालं. तिनं आत जाऊन नुसता अंगठा दाखवला. प्रेमानंदानं हेडफोन सरकवून बाहेरची शांतता ऐकली आणि बायकोकडं असं पाहिलं, जसं त्यानं तिच्याकडं यशू झाल्यावर पाहिलं होतं. मग तिसऱ्यांदा सुरुवात झाली.

ती दाराला पाठ लावून उभी राहिली. त्यामुळं अंगणात काय चाललंय हे तिला दिसलं नाही. आधी ग्यानबा आला, पांढरा सदरा घालून. बाजेच्या पायथ्याशी बसला. मग वस्तीतली माणसं आली, पांढऱ्या कपड्यांत, हातात फुलं, मेणबत्त्या. ट्रॅक्टरवाले टोप्या काढून फाटकाशी थांबले. दोन बायका टोपल्यांत भाकरी आणि पिठलं घेऊन आल्या, कारण अशा घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. कुणी मोठ्यानं रडलं नाही. आतून वाजणारं ऐकून सगळ्यांनी मानलं की पोरगा बापासाठी काहीतरी वाजवतोय, वाजवू द्या. ग्यानबा पुटपुटला, "लई हट्टी होता रामराव. पण मनाचा साफ."

रामराव एव्हाना जागे होऊन रुमालाखाली हे ऐकत होते. त्यांना बोलायचं फार होतं. पण सुनेनं उठवलं नव्हतं.

आणि शांतता सुरू व्हायच्या थोडं आधी भागाबाई मळ्यातून आल्या. मागं शेळी. त्या रडत नव्हत्या, फक्त येता येता त्यांच्या तोंडून एकच चाललं होतं, "सकाळी दोन भाकरी खाल्ल्या की हो. सकाळी दोन भाकरी खाल्ल्या." गर्दीनं वाट दिली. त्या बाजेशी वाकल्या आणि त्यांनी रुमाल उचलला.

रामरावांनी डोळे उघडले.

"आता खोकलं तर चालंल का?" त्यांनी विचारलं.

ग्यानबा भाकरीच्या टोपलीत बसला. शेळी ओरडली. बायका किंचाळल्या, आणि त्यातून भागाबाईंचा आवाज वर आला. इतका वेळ आवरलेलं सगळं आता रागाच्या वाटेनं बाहेर पडत होतं: "जित्ता हैस व्हय रे तू! मला मळ्यातनं पळवत आणलास, आणि जित्ता हैस!"

मांजरा तिसऱ्यांदा आटली. तिघंही धावत बाहेर आले. प्रेमानंदानं अंगण पाहिलं, फुलं पाहिली, बाप पाहिला आणि मग बायको पाहिली.

"काय सांगितलीस तू भीमराजला?"

"शांतता पाळा म्हणाले मी फक्त," प्रेरणा म्हणाली. बोलता बोलता तिला पंचायतीतलं सगळं संभाषण नव्यानं ऐकू येऊ लागलं, आणि तिचा आवाज बारीक होत गेला. "आणि मामा पडलेत म्हणाले. रुमाल टाकून."

भीमराज गर्दीत मागं सरकला.

हे कमी पडलं म्हणून की काय, फाटकाशी टेम्पो थांबला आणि त्यातून हळ्ळीखेडच्या कमलबाई उतरल्या. रामरावांची धाकटी बहीण. त्यांना कुणीतरी फोनवर कळवलं होतं. त्या वाटेतच सगळं रडून मोकळ्या झाल्या होत्या. भाऊ बाजेवर बसून पाणी पितोय हे पाहून आधी त्यांनी त्याला मिठी मारली, आणि मग मिठीतच एक धपाटा घातला.

"हळ्ळीखेडपासनं रडत आले मी. डायवर सुदीक रडायलाय बिचारा."

"मग बस की, कमळे. पाणी पी," रामराव म्हणाले. ते उगाच खुशीत दिसत होते. "ग्यानबा, तू काय म्हणायलास मघा? मनाचा साफ? त्याच्या आधी काय म्हणायलास?"

लोक हसत होते, चिडत होते, आणि कुणीच जात नव्हतं. प्रेमानंद मधल्या खोलीत परत गेला आणि ड्रमच्या स्टुलावर बसला.

"अर्धा तास उरलाय," तो म्हणाला. "संपलं. खोली तुझी."

प्रेरणा दारात उभी होती. खोली तिची. तिनं खिडकीकडं पाहिलंसुद्धा. टेबल तिथं बरोबर बसलं असतं. आता तिनं फक्त काही करायचं नव्हतं. तिनं मनाला एवढं बजावलं, आणि तिला भयंकर राग आला. नवऱ्याचा नव्हे, त्या बसलेल्या खांद्यांचा. अशी खोली घेतली तर प्रत्येक वेळी कडी लावताना तिला हे खांदे दिसणार होते.

ती अंगणात आली. "ऐका हो," ती म्हणाली. "चूक माझी झाली. पण आलाच हाव तर अर्धा तास बसा. यांचं एक वाजवायचं ऱ्हायलंय. फक्त आवाज करू नका. आत्ता बसला होतात तसंच बसा."

"तवा तर हा मेला होता," कमलबाई म्हणाल्या.

"मग मेल्यासारखंच बसा की," रामराव म्हणाले. "माझी काय हरकत न्हाई."

दार सताड उघडलं. मोबाईलमधे आता बँड, दार आणि दारामागचं सगळं अंगण मावत होतं. चौथ्यांदा सुरुवात झाली.

आणि अंगण खरंच बसलं. दुखवट्याला बसायची सवय असलेल्या माणसांइतकं कुणी बसू शकत नाही. सात मात्रांचा भाग गेला, अकरांचा गेला. कुणी हललं नाही. मग प्रेमानंदानं हात वर केला, सगळी वाद्यं थांबली आणि शांतता सुरू झाली.

तर अंगण उठून उभं राहिलं.

सगळेच्या सगळे. श्रद्धांजलीला राहतात तसे, माना खाली, हात समोर बांधून. शोकसभेत शांतता सुरू झाली की उभं राहायचं असतं, हे अंगातच मुरलेलं. रामरावही काठी टेकून उठले आणि स्वतःसाठी मान खाली घालून उभे राहिले. प्रेमानंदाचे डोळे भरून आले. एवढी वर्षं त्याच्या संगीताला लोक बसल्या जागी पेंगले होते. आज पहिल्यांदा कुणीतरी उभं राहिलं होतं.

यशू आजोबांचं बोट धरून उभी होती. तिनं वर पाहिलं, सगळीकडं पाहिलं. एवढी माणसं अशी गप उभी आहेत, म्हणजे कुणीतरी गाणं सुरू करायची वाट बघत असणार. तिला येणारं गाणं एकच होतं.

*जांभळी म्हैस गं,* यशू म्हणाली, *जांभळी म्हैस...*

प्रेमानंदाचा हात हवेतच राहिला. थांबवता येत नव्हतं. थांबवलं की चित्रण गेलं, आणि पुन्हा वाजवायला वेळ नव्हता. फाटकापासच्या एका ट्रॅक्टरवाल्यानं मान खाली ठेवूनच दुसरी ओळ उचलली. तिसरी ओळ सगळ्या ट्रॅक्टरवाल्यांनी. त्यांना ती झोपेतही येत होती. मग ग्यानबानं. मग राजपालच्या उजव्या पायानं, ज्याला प्रेमानंदानं पुढं कित्येक दिवस माफ केलं नाही. पाय आपोआप ड्रमच्या पेडलवर पडला. सिद्धेश्वर प्रेमानंदाकडं बघत 'मी नाही, मी नाही' अशी मान हलवत होता, आणि गिटार वाजवत होता.

*चांदण्याचं गवत नि ढगाची पेंड,*

ही ओळ वर जाते. ट्रॅक्टरवाल्यांचे आवाज तिथं पोहोचेनात. एकेक गळत गेला. यशू एकटी राहिली आणि तिचाही आवाज चिरला. तेव्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून एक आवाज आला आणि वर गेला, न अडखळता, विहिरीच्या पायऱ्यांवर बसल्यासारखा. सगळं अंगण माना वर करून बघू लागलं. प्रेरणाला स्वतःलाच कळलं नाही की तिनं तोंड कधी उघडलं.

गाणं संपलं. मग पूर आला, ठरल्याप्रमाणं आला, पण त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. राजपाल मोबाईल घेऊन पाण्याच्या टाकीवर चढला, कारण गावात वेगानं काही पाठवायचं तर तिथूनच जातं. पाचच्या जरा आधी त्यानं वरून हात हलवला. अंगणात लोक भाकरी आणि पिठलं खात होते. चूल पेटली नसेल असं समजून आणलेल्या त्या भाकरीला प्रेरणाच्या कुकरातली डाळही पुरली.

दोन आठवड्यांनी कलबुर्गीहून फोन आला. बोलणारी मुलगी भरभर कन्नड बोलत होती, म्हणून प्रेमानंदानं फोन सिद्धेश्वरला दिला आणि सगळे त्याच्या तोंडाकडं बघत बसले.

"निवड झाली म्हणायलीय," सिद्धेश्वर म्हणाला.

प्रेमानंद उठून उभा राहिला. "मांजरा आवडली?"

सिद्धेश्वरनं विचारलं. ऐकलं. "मधलं आवडलं म्हणायलीय."

"शांतता?"

"शांततेच्या नंतरचं."

"आणि उगम? पूर?"

सिद्धेश्वरनं बराच वेळ ऐकलं. मग फोनवर हात ठेवून तो हळू म्हणाला, "ते न्हाई आणलं तरी चालंल म्हणायलीय. दोन मिनिटांचंच आणा. आणि आजोबांना आणा, पांढऱ्या कपड्यांत. आणि वर जाणारी ती बाई."

रामराव लगेच विचारू लागले की स्टेजवर बाज मिळेल का.

प्रेमानंद दोन दिवस कीबोर्डला शिवला नाही. तिसऱ्या दिवशी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि पिठाच्या डब्याकडं बघत म्हणाला, "येशील का गायला?"

प्रेरणानं पुस्तकावरचं पीठ झटकलं. "माझं टेबल कुठं ठेवताव ते सांगा आधी."

"ड्रमच्या बाजूला बसंल की. राजपालनं डावा कोपर आत घेऊन वाजवलं तर."

"आणि दाराला कडी?"

"कडी लावून घेतलीस तर आमी आत कसं यायचं?"

प्रेरणानं पुस्तक मिटलं. करार करताना तिनं जिंकण्याचा आणि हरण्याचा विचार केला होता. दोन्ही एकदमच होईल हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. तो गेल्यावर ती तशीच डब्याशी बसून राहिली. यशू तिच्या मांडीवर येऊन बसली. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर जात होता, म्हैस आभाळात चरत होती, आणि आज कुणी खिडकी लावली नव्हती.

यशूनं कान दिला. मग आईची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडं वळवलं.

"ही तूच हैस व्हय, ट्रॅक्टरमधली?"

"व्हय. मीच."

यशू पुन्हा ऐकू लागली. गाणं वरच्या ओळीला पोहोचलं, आणि ओळ संपता संपता त्या जुन्या आवाजात कुणीतरी एकदम हसलं. ते हसू विहिरीत घुमत खाली खाली गेलं. गाण्यात ते होतं हे प्रेरणा विसरूनच गेली होती. कोण काय बोललं होतं, कुणी काय केलं होतं, तिनं आठवून पाहिलं. ट्रॅक्टर वळणापर्यंत गेला तरी आठवेना.

"त्या दिवशी गायलीस तवा तू हसली न्हाईस," यशू म्हणाली. "ह्याच्यात हसायलीस. आई, तवा तुला एवढं हसू कामून आलतं?"